अडसर कोणासाठी?

आज दारव्ह्यात आपण घराच्या राखणीचा इतिहास बघणार आहोत, तर सुरुवात दारापासूनच करू. वऱ्हाडातलं जुनं मातीचं घर डोळ्यांसमोर आणा. भिंती जाड, बाहेरच्या अंगाला खिडक्या नावापुरत्या. दारामागे लाकडी अडसर. दिवसा भिंतीच्या खोबणीत सरकवलेला, रात्री दारावर आडवा ओढलेला. धान्य पेवात, म्हणजे जमिनीखाली. आणि गावात पांढऱ्या मातीची गढी.

ही भीती उगाच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढाऱ्यांच्या घोडेस्वार टोळ्या नर्मदेकडून खाली उतरत. इंग्रजांनी 1817-18 च्या मोहिमेत त्या मोडल्या. अशा टोळीपुढे एकट्या घराचा अडसर काय टिकणार? तेव्हा गढीचाच आसरा.

पण पेंढारी काही रोज येत नव्हते. रोजच्या रात्रीचं काय? त्यासाठी जागल्या होता. पेशव्यांच्या मुलखावरच्या 1819 च्या अहवालात एल्फिन्स्टनने त्याचं काम नोंदवलंय. गावात कोण आलं, कोण गेलं, परका कोण, कोणाची चाल कशी, हे त्याला ठाऊक असायला हवं. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा. माग पुढच्या गावाच्या शिवेत गेला, की जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर. म्हणजे राखण भिंतीवर कमी आणि माणसाच्या ओळखीवर जास्त अवलंबून होती.

आता यातली बोचणारी गोष्ट. वऱ्हाडात हा जागल्या बहुधा महार समाजातला असे. त्याच्या भरवशावर गाव निवांत झोपायचं आणि त्याचं स्वतःचं घर मात्र वेशीबाहेर! राबणूक पिढीजात, मोबदला तुटपुंजा. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते याच जाचाविरुद्ध.

इंग्रजांनी दुसरीच वाट धरली. 1871 च्या कायद्याने त्यांनी काही जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. 1911 नंतर तो देशभर लागू करता येऊ लागला. पारध्यांसारख्या समाजात जन्माला येणं हाच पुरावा झाला. नोंदणी, हजेरी, गाव सोडायला परवानगी. जागल्या माणूस ओळखून संशय घ्यायचा. कायदा जात बघून घेऊ लागला. 31 ऑगस्ट 1952 ला हा शिक्का कागदावरून पुसला गेला.

मनातून पुसला का? 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या जमावालाही वाटत होतं, की आपण आपली लेकरं राखतोय.

आज आपल्या दारांना कुलपं आहेत, कोपऱ्यावर कॅमेरे आहेत. ते असावेतच, आमची हरकत नाही. पण कॅमेरा चेहरा दाखवतो, ओळख करून देत नाही. शेजारी कोण राहतो, तांड्यावरून बाजाराला कोण येतं, भिक्षेला दारात कोण उभं राहतं, हे आपल्याला माहीत आहे का? माहीत नसेल तर संशय आला की आधी दोन शब्द विचारावेत, नाहीतर पोलिसांना कळवावं. हात उचलू नये. अडसर दाराला असावा मंडळी, माणसाला नको.