पाइप गॅस नसलेल्या घरात विजेवर गरम पाणी आणि ऊब : देवास गेट परिसरातील कुटुंबांसाठी माहिती

ज्यांच्या घरी पाइपचा गॅस अजून पोहोचलेला नाही, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. परदेशी असलेली मुले सेंट्रल हीटिंगचे सांगतात. तिकडे गॅसची लाइन नसलेल्या घरांत विजेचा बॉयलर, रात्रीच्या स्वस्त विजेवर तापणारे हीटर किंवा हीट पंप असतो. उज्जैनला संपूर्ण घर तापवण्याची गरज नाही. जानेवारीत पहाटे पारा ८-१० डिग्रीच्या आसपास, थंडीची लाट आली तर त्याहून खाली. आणि दुपारी गच्चीवर ऊन. प्रश्न दोनच : आंघोळीचे पाणी आणि वडीलधाऱ्यांची खोली.

तांब्याचा बंब गेला आणि गीझर आला. वीस लिटरची बादली १८ डिग्रीवरून ४२ डिग्रीवर न्यायला ०.५६ युनिट लागते. म्हणजे चार माणसांच्या चार बादल्यांना रोज सव्वादोन युनिट; टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून अडीच ते तीन. महिन्याला ७५ ते ९० युनिट झाले.

खरी मेख इथे आहे. मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत असेल तर पहिल्या १०० युनिटचे १०० रुपये लागतात. वापर १५० च्या वर गेला की त्या महिन्याची सवलत संपूर्ण जाते, फक्त वरच्या युनिटपुरती नाही. कूलर-पंखे बंद असल्यामुळे हिवाळ्यात ज्यांचे बिल ७०-८० युनिटचे येते, ते गीझरमुळे नेमके या रेषेवर येऊन उभे राहतात. म्हणून आधी गेल्या डिसेंबर-जानेवारीची बिले काढा, त्यांत गीझरचे युनिट मिळवा आणि मगच दुकानात जा. रेषा थोडक्यात ओलांडत असाल तर एक-दोन बादल्या चुलीवरच्या गॅसवर तापवणे किंवा गच्ची मोकळी असल्यास सोलर बसवणे हा सरळ उपाय आहे.

सिलिंडरशी तुलना अशी करावी. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटइतकी उष्णता असते; गॅस गीझरमध्ये त्यातली साधारण १४५ युनिट पाण्याला मिळते. सिलिंडरच्या किमतीला १४५ ने भागा. येणारा आकडा तुमच्या बिलातील सर्वांत वरच्या स्लॅबच्या दरापेक्षा कमी असेल तर गॅस स्वस्त, जास्त असेल तर वीज. दर बदलतात, हिशेब बदलत नाही.

पण गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत कधीही लावू नये. ज्योत खोलीतला प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस ओरडण्याआधीच बेशुद्ध पडतो. जुन्या वाड्यातल्या न्हाणीघराला एखादाच झरोका असतो, तोही थंडीत कापडाने बुजवलेला. अशा घरात गॅस महाग-स्वस्त हा विचारच नको. वीजच घ्यावी, नाहीतर गॅस गीझर बाहेर मोकळ्या हवेत बसवून नळ आत आणावा.

विजेचा गीझर घेताना आयएसआय चिन्ह आणि बीईईचे तारे पाहावेत. दोन माणसांना १५ लिटर पुरतो : ६० डिग्रीच्या टाकीत थंड पाणी मिसळून सुमारे २६ लिटर मिळते, आणि २००० वॉटवर तापायला साधारण २२ मिनिटे लागतात. त्यामुळे तासभर आधी बटण दाबून ठेवण्यात अर्थ नाही. बोअरिंगच्या जड पाण्याने कॉइलवर खार चढतो. टाकीची सफाई आणि आतला अ‍ॅनोड रॉड दरवर्षी बघून घ्यावा.

खोलीसाठी दुकानदार ऑइल हीटर 'वीज वाचवतो' म्हणून विकतात. तसे नाही. रॉड, हॅलोजन, ब्लोअर, ऑइल, सगळ्यांत एका युनिटची एकाच युनिटइतकी उष्णता मिळते. ऑइल हीटरचा फायदा वेगळा : लाल तापलेली तार उघडी नसते, त्यामुळे पांघरूण किंवा साडीचा पदर पेटण्याचा धोका कमी. एका युनिटमागे सुमारे तीन युनिट उष्णता देणारे यंत्र एकच, 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर एसी. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर हाच घ्यावा. फक्त हिवाळ्याच्या दीड-दोन महिन्यांसाठी एवढी रक्कम गुंतवणे मला पटत नाही.

शेवटी वायरिंग. २००० वॉट म्हणजे जवळजवळ ९ अँपियर. पाच-सहा अँपियरच्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर हे चालवू नये. १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट, चालू अर्थिंग आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी हवा. गीझर आणि हीटर एकाच वेळी लावणार असाल तर बिलावरचा मंजूर भार पाहा; कमी असेल तर पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे वाढवून घेण्याचा अर्ज करावा लागतो.