आधी नुसती भरड

केडगावच्या शिवारात उसाच्या बुडाशी कुरतडल्याच्या खुणा दिसल्या की 'उंदीर लागला' म्हणतात. दौंडचा हा पट्टा कालव्यावर बारमाही हिरवा. उंदरा-घुशींना आणखी काय हवं? औषधही ठरलेलं : ९६ भाग भरड, २ भाग गोडं तेल, २ भाग झिंक फॉस्फाइड. मात्र शिफारस अशी, की पहिले दोन-तीन दिवस विष घालायचंच नाही. बिळापाशी नुसती तेल लावलेली भरड ठेवायची. नवख्याला हा उंदराचा पाहुणचारच वाटेल.

उंदीर अनोळखी पदार्थावर तुटून पडत नाही. आधी जरासं चाखतो. तेवढ्यानं मेला नाही, नुसताच आजारी पडला, तर पुढे त्या चवीला शिवत नाही. दुसऱ्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी ऑक्सफर्डमध्ये प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांच्या संस्थेनं हे पद्धतशीर तपासलं. आधी बिनविषारी आमिषाची सवय लावली, की उंदीर विषाच्या दिवशी पोटभर खातो.

यामागचं कोडं मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी उलगडलं. सॅकरिनचं गोड पाणी प्यायलेल्या उंदरांवर त्यांनी गॅमा किरण सोडले. किरणांनी मळमळलं, आणि उंदरांनी त्या गोडीकडे पाठ फिरवली. हे १९५५ साली छापून आलं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांपासून मान्य झालेला नियम असा, की दोन गोष्टी लागोपाठ घडल्या तरच त्यांची सांगड बसते. इथे चव आणि मळमळ यांत तास गेले तरी बसत होती, तीही एका फेरीत. १९६६ च्या प्रयोगात दिसलं, की दुखणं पोटाचं असेल तर उंदीर चवीला दोषी धरतो. विजेचा झटका बसला तर उजेड-आवाजाला. जाणकारांना हे पचायला वेळ लागला, गार्सियांचे निबंध साभार परत येत राहिले.

माणूस वेगळा नाही. लग्नातली बासुंदी खाऊन ताप-उलटी झाली, तर दोष तापाच्या साथीचा असला तरी मन बासुंदीवरूनच उडतं. केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना आधी दिलेलं आइस्क्रीम पुढे नकोसं झालं, हे संशोधक इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये दाखवलं.

उंदराच्या या आठवणीला बगल दिली ती रक्त गोठू न देणाऱ्या विषांनी. त्यांतलं ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर काही दिवसांनी मरतो. दुखणं इतकं उशिरा येतं, की आमिषाचा संशयच येत नाही. तेव्हा झिंक फॉस्फाइडनंतर जे उंदीर उरतील, त्यांच्यापुढे पुन्हा तीच भरड मांडू नका, औषध बदला. आणि कालवताना हातमोजे घाला, काठी वापरा.