दोन संपादक आणि एक सरहद्द

बीडच्या दक्षिणेस, बालाघाटच्या डोंगरांत, मांजरसुंब्यापासून जवळच कपिलधार नांवाचें क्षेत्र आहे. खोल दरी, तींत कोसळणारा धबधबा आणि शेजारीं मन्मथस्वामींची समाधि. ‘परमरहस्य’ हा ग्रंथ मराठींत रचणाऱ्या या सत्पुरुषाच्या दर्शनास कार्तिकी पौर्णिमेला वीरशैवांच्या दिंड्या येतात, व त्या समुदायांत मराठीबरोबर कानडी आणि तेलुगुहि कानीं पडते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत या तिन्ही भाषा बोलणारे मोठ्या संख्येनें एकाच निजामी दरबाराचे प्रजाजन होते. त्या दरबाराची भाषा मात्र चौथीच, उर्दू, होती. जेथें सभा भरविण्यास सरकारची परवानगी लागे, तेथें जत्रा आणि कीर्तन यांखेरीज चार गांवच्या लोकांनीं एकत्र बसावें कोठें? पुण्यामुंबईच्या इतिहासावर वाढलेल्या वाचकांस ही अडचण एकदम उमजत नाहीं, म्हणून ती आधीं थोडी सांगितली पाहिजे.

गश्ती म्हणजे परिपत्रक. ‘गश्ती निशाण ५३’ या नांवानें कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमान्वयें पूर्वपरवानगीवांचून सार्वजनिक सभा घेतां येत नसे. १९३७ सालीं परतूरला महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें, तें या कुंपणाच्या आंत राहूनच. पुढच्याच वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्यापूर्वीच बेकायदा ठरली, आणि ती बंदी १९४६ पर्यंत टिकली. त्याच १९३८ सालीं ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हट्टापायीं उस्मानिया विद्यापीठाचीं दारें विद्यार्थ्यांस बंद झालीं, व त्यांतील पुष्कळांनीं नागपूरची वाट धरली. बीडच्या पश्चिमेस नगर जिल्हा, म्हणजे ब्रिटिश मुलूख. जें इकडे बोलतां येत नसे तें सरहद्द ओलांडली कीं बोलतां येई. तिकडचें इंग्रज सरकार कांहीं मोकळ्या मनाचें नव्हतें. त्याचा राग निराळ्या गोष्टींवर असे, इतकेंच. आ. कृ. वाघमारे यांनीं आपलें ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्याहून चालविलें तें यामुळेंच. निजामी हद्दींत त्यावर बंदी आली कीं नवें नांव घेऊन तेंच पत्र पुन्हा निघे.

परंतु १५ ऑगस्ट १९४७ नंतर ही सरहद्द केवळ दोन अंमलांमधली राहिली नाहीं. २९ नोव्हेंबरला दिल्ली व हैदराबाद यांच्यांत एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला खरा. पण शाई वाळण्याच्या आंतच दोन्हीकडून करारभंगाच्या तक्रारी सुरू झाल्या. सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीं विमानें भरभरून शस्त्रें हैदराबादेस आणीत होता. इकडे हिंदुस्थान सरकारनें मालाची कोंडी केली होती. गांवोगांव रझाकारांचा उच्छाद, व सरहद्दीपलीकडे नगर-सोलापूरकडे स्टेट काँग्रेसच्या छावण्या. अशा वेळीं कोणास काय बोलूं दिलें जातें, हें पाहण्याजोगें आहे.

लातूरचे वकील कासीम रझवी रझाकारांचे पुढारी. त्यांचें एक युद्धखोर भाषण एप्रिल १९४८ मध्यें हिंदुस्थानच्या वृत्तपत्रांत आलें, तेव्हां असें भाषण झालेंच नाहीं, असा हैदराबाद सरकारनें खुलासा केला. तें एक भाषण बाजूस ठेवलें तरी रझवींच्या जिभेस लगाम घालण्याचें धैर्य दरबारास कधींच झालें नाहीं. लगाम पडला तो शोएबुल्लाखान यांस. हे तिशीच्या आंतले उर्दू पत्रकार. ज्या ‘रय्यत’ पत्रांत ते काम करीत तें सरकारनें बंद पाडलें, तेव्हां त्यांनीं ‘इमरोज’ काढलें. ‘इमरोज’ म्हणजे ‘आज’. रझाकारांचा धिक्कार करणारें सात मुसलमान गृहस्थांचें निवेदन ऑगस्ट १९४८ मध्यें त्यांनीं छापलें. थोड्याच दिवसांनीं, २१ ऑगस्टच्या रात्रीं, कचेरींतून घरीं परततांना त्यांस गांठून ठार केलें, आणि मारेकऱ्यांनीं त्यांचा हात तोडला. त्यांना दिल्लीचे हस्तक म्हणणारे तेव्हां होतेच. त्यांनीं सैन्याचें कोणतें गुपित फोडलें नव्हतें. शेजाऱ्याशीं लढाई करूं नये, एवढेंच ते आपल्याच लोकांस त्यांच्याच भाषेंत सांगत होते. चिथावणी आणि गैरसोयीचें सत्य यांतला भेद तणावाच्या दिवसांत सरकारांस दिसत नाहीं असें म्हणतात. आम्हांस वाटतें, तो चांगलाच दिसतो. म्हणूनच रझवी मोकळे राहिले.

१३ सप्टेंबरला हिंदी फौजा आंत शिरल्या व १७ तारखेस निजामानें शरणागति पतकरली. मराठवाड्यास त्या दिवसाचा आनंद कां झाला, हें घरोघर सांगितलें जातें, आणि तो खराच होता. पण त्यानंतरच्या आठवड्यांतील हकीकत घरोघर सांगितली जात नाहीं. रझाकारांच्या पापाचा सूड गांवोगांव अशा मुसलमानांवर उगवला गेला, ज्यांतील बहुतेकांचा रझाकारांशीं कांहीं संबंध नव्हता. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचें मंडळ नोव्हेंबरअखेर हैदराबादेस आलें. कपिलधारची कार्तिकी त्यापूर्वीं पंधरवडाभर येऊन गेली होती. यांतील काझी अब्दुल गफ्फार हेहि संपादकच. ‘पयाम’ हें उर्दू दैनिक त्यांनीं हैदराबादेस चालविलें होतें. ‘पयाम’ म्हणजे ‘निरोप’. मंडळानें खेड्यापाड्यांतून जबान्या घेतल्या. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांस वांचविणाऱ्या हिंदूंचीहि त्यांनीं नोंद केली. एकंदर मृतांचा त्यांचा अंदाज निदान २७ ते ४० हजारांचा होता.

हा निरोप पोंचला, पण फोडला गेला नाहीं. असें मंडळ आपण धाडलेंच नाहीं, अशी सरदार पटेलांची भूमिका होती. काश्मीरचें युद्ध चालू होतें, हैदराबादचें गाऱ्हाणें संयुक्त राष्ट्रांपुढें गेलें होतें. अशा वेळीं अहवाल दाबण्यास कारणें होतीं, आणि तीं पोकळ होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. शांतता नाजूक असतांना प्रत्येक आंकडा चव्हाट्यावर मांडावाच, असा आमचा आग्रह नाहीं. मात्र कारण संपल्यावरहि कुलूप राहतें, येथें आमची तक्रार आहे. आणि शोएबुल्लांच्या स्मरणार्थ सभा भरविणाऱ्यांनीं काझीसाहेबांचें नांवहि घेऊं नये, याचें नवल वाटतें.

पुढें याच प्रश्नानें कायद्याचें रूप घेतलें. मार्च १९५० मध्यें, पूर्व बंगालमधील दंग्यांमुळें पाकिस्तानशीं युद्ध जुंपतें कीं काय अशी धास्ती असतां, दिल्लीच्या ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकास पाकिस्तानविषयक मजकूर आधीं तपासून घेण्याचा हुकूम निघाला. २६ मे रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला; मद्रास सरकारनें ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या पत्रावर घातलेली बंदीहि त्याच दिवशीं उठली. वर्ष उलटतें न उलटतें तोंच, जून १९५१ मध्यें, पहिल्या घटनादुरुस्तीनें भाषणस्वातंत्र्यास सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्यास चिथावणी आणि परराष्ट्रांशीं मैत्रीचे संबंध अशा नव्या मर्यादा आल्या. बंधन ‘वाजवी’ असावें हा शब्दहि त्याच दुरुस्तीनें आला, हें बरें झालें. बीडचा नागरिक आतां याच कलमाखालीं बोलूं लागला होता. गश्ती निशाण ५३ इतिहासजमा झालें होतें.

सुंदरलाल मंडळाच्या अहवालाचे कांहीं उतारे मधल्या काळांत बाहेर आले. दिल्लीच्या तेव्हांच्या नेहरू स्मारक ग्रंथालयांत तो वाचावयास मिळत होता, हें सर्वसाधारण वाचकांस कळलें तें २०१३ सालीं. त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे सर्वांत पोळलेले जिल्हे म्हणून दिले आहेत. बीडच्या नांवापुढें स्वतंत्र आंकडा नाहीं. औरंगाबाद, बीड, नळगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान पांच हजार, असा एकत्र अंदाज आहे.