विम्याचा नकार आणि त्याचे उत्तरदायित्व

कांदिवलीच्या पश्चिमेकडील चारकोप वसाहत जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या नागरी विकास प्रकल्पातून आकारास आली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीयीकृत विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' योजना आणली. अशा वसाहतीतील कामगाराला तत्पूर्वी आजारपणासाठी मुख्यतः एकच विमा ठाऊक होता, तो म्हणजे कामगार राज्य विमा. दावा कोणी नाकारावयाचा आणि त्याचा जाब कोणी द्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर या दोन पद्धतींत भिन्न आहे. दाव्यांच्या छाननीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिरकाव होत असता हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे होय.

कामगार राज्य विमा १९४८ च्या कायद्याने स्थापन झाला व १९५४ साली मुंबईत लागू झाला. त्यात आजाराचा दाखला रोग्यास तपासणारा डॉक्टर देतो. वाद उद्भवल्यास त्याच कायद्याने निर्मिलेल्या विमा न्यायालयाकडे दाद मागता येते.

मेडिक्लेममध्ये प्रारंभी रोगी स्वतः खर्च करी व मागाहून भरपाई मागे. २००१ च्या विनियमांनी 'टीपीए' ही मध्यस्थ संस्था मान्य झाली आणि कॅशलेस उपचारांबरोबर पूर्वसंमतीची प्रथा रूढ झाली. परिणामी रोगी खाटेवर असतानाच, त्यास कधीही न पाहिलेल्या व्यक्तीकडून, केवळ कागदपत्रांवरून निर्णय होऊ लागला. यंत्रास वाट मोकळी झाली ती येथेच. कारण निव्वळ कागदांवरून होणारा निर्णय यंत्राकडे सोपविणे सोपे असते.

विमा नियामक प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात या संदर्भात दोन तरतुदी आहेत. कॅशलेस विनंतीवर एका तासात निर्णय द्यावा, ही पहिली. कंपनीच्या समितीच्या संमतीवाचून कोणताही दावा फेटाळू नये व फेटाळल्यास पॉलिसीतील कलमांसह कारण कळवावे, ही दुसरी. पहिली तरतूद यंत्राची निकड वाढविते. दुसरी मानवी विवेकाचा आग्रह धरते. तथापि यंत्राने एखादा दावा कशावरून संशयास्पद ठरविला, हे समितीस कळलेच नाही, तर तिची संमती हा निव्वळ उपचार ठरतो.

कॅलिफोर्नियाने २०२४ साली केलेला व १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेला कायदा याहून पुढे जातो. उपचार वैद्यकीयदृष्ट्या अनावश्यक ठरविण्याचा अधिकार तो परवानाधारक वैद्यकीय तज्ज्ञाकडेच राखतो आणि यंत्राने केवळ समूहाच्या आकडेवारीवर विसंबू नये, असे बजावतो.

विमा लोकपालाकडे जाणाऱ्या विमेदारास नकाराचे खरे कारण ठाऊक नसेल, तर त्याचा दाद मागण्याचा हक्क पोकळ राहतो. म्हणून यंत्र वापरावे की नाही, एवढाच नियमनापुढील प्रश्न नाही. नकाराचे कारण सांगण्यास व त्याची जबाबदारी घेण्यास कोण बांधील आहे, हाच त्यातील मुख्य प्रश्न होय.