हॉथॉर्नचा कारखाना

व्यवस्थापनाचा छोटासा कोर्स केलेल्यांनाही ही गोष्ट ठाऊक असते. कारखान्यात दिवे वाढवले, उत्पादन वाढले. दिवे मंद केले, तरी वाढले! तात्पर्य काय, तर कामगाराकडे लक्ष दिले की तो खूश होतो आणि जास्त काम करतो. एम.एस. करताना आम्हालाही ती अशीच सांगितली होती. पण ही गोष्ट आपल्या शिकागोला खेटून असलेल्या सिसेरो गावात घडली, हे किती मंडळींना माहीत आहे? सर्माक रोड आणि सिसेरो अॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, शॉपिंग सेंटरजवळ जुना मनोरा दिसतो ना, तीच 'वेस्टर्न इलेक्ट्रिक'च्या हॉथॉर्न कारखान्याची खूण. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या या कारखान्यात एके काळी चाळीस हजारांवर माणसे राबत.

दिव्यांचे प्रयोग १९२४ ते १९२७ मध्ये झाले. त्यांचे मूळ आकडे हरवले असेच सगळे समजत होते. ते शोधून शिकागो विद्यापीठाच्या लेविट आणि लिस्ट यांनी २०११ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा या लाडक्या गोष्टीला फारसा आधार सापडला नाही.

खरी गंमत पुढच्या प्रयोगात आहे. १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच मुली आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी सहावी, अशा सहाजणींना वेगळ्या खोलीत बसवले. कधी पाच मिनिटांची सुट्टी दिली, कधी सकाळचा खाऊ, कधी लवकर घरी सोडले. उत्पादन चढत गेले, ते सुमारे तीस टक्क्यांपर्यंत. पुढे हार्वर्डच्या एल्टन मेयोंनी याचे श्रेय आपुलकीला आणि गटातल्या सौहार्दाला दिले. मात्र मेयो येण्याआधीच, जानेवारी १९२८ मध्ये, फार बोलतात आणि सहकार्य करत नाहीत म्हणून दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. शिवाय पूर्वी त्यांचे वेतन मोठ्या विभागाच्या कामावर ठरे, ते आता या छोट्या गटाच्या कामावर ठरू लागले. म्हणजे घाम गाळला की पैसा थेट हातात! फक्त वेतनाची पद्धत बदललेल्या दुसऱ्या एका गटातही उत्पादन वाढले होते. आपुलकीचे महत्त्व मी नाकारत नाही. पण पगाराचा मुद्दा मागे सारणे मालकांना सोयीचे होते, असे मला वाटते. आजही ऑफिसात समाधानाचे सर्व्हे भरून घेतात, तेव्हा तो प्रश्न शेवटच्या पानावर असतो.

नोव्हेंबर १९३१ मध्ये चौदा पुरुषांच्या गटाचे नुसते निरीक्षण सुरू झाले. इथे चित्र उलटे होते. दिवसाचे 'योग्य' काम किती, हे त्यांनी आपापसांत ठरवून टाकले होते आणि ते कंपनीच्या उद्दिष्टापेक्षा कमी होते. कुणी जास्त हात चालवला, की शेजारी त्याच्या दंडावर गुद्दा मारी. संशोधकांना हे अतार्किक वाटले. जास्त काम केले तर दर कापतील, नाहीतर माणसे कमी करतील, अशी त्या कामगारांची भीती होती. मंदी ऐन भरात होती. मे १९३२ मध्ये हे निरीक्षण थांबले, कारण त्या खोलीला द्यायला कारखान्यात कामच उरले नव्हते.