मिताक्षर

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हुमनाबाद लागते. माणिकप्रभूंच्या माणिकनगरामुळे हे गाव महाराष्ट्रात सुपरिचित आहे. त्याच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर चालुक्यांची जुनी राजधानी कल्याण, म्हणजेच आजचे बसवकल्याण. आणि पूर्वेस, हाच रस्ता धरून गेल्यास, हैदराबादला लागून सिकंदराबाद. शास्त्रीय शोधनिबंधाचा सारांश कसा लिहावा, हा प्रश्न सर्वस्वी आधुनिक वाटतो. परंतु त्याचे उत्तर या दोन स्थळांच्या इतिहासात आढळते.

सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यकाळात (१०७६ ते ११२६) कल्याण येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. तिचे नाव ‘मिताक्षरा’, म्हणजे मोजक्या अक्षरांची. मूळ स्मृती सुमारे एक हजार श्लोकांची. तिच्यावर विश्वरूपाची विस्तृत आणि दुर्बोध टीका पूर्वीच झालेली होती. विज्ञानेश्वर आरंभीच्या श्लोकात सांगतो, की तेच शास्त्र आपण सरळ व मोजक्या शब्दांत, नवशिक्यांनाही समजावे म्हणून, विशद करीत आहोत. आधी काय झाले, आपण काय करणार, कोणत्या रीतीने आणि कोणासाठी, हे सारे एका श्लोकात आले. उत्तम सारांशाला याहून अधिक काय हवे?

मात्र अक्षरे थोडी असली की प्रत्येकाचे वजन वाढते. ‘सपिंड’ या शब्दातील पिंड म्हणजे श्राद्धातील भाताचा गोळा नव्हे, तर शरीर, असा अर्थ विज्ञानेश्वराने निश्चित केला. वंगदेशातील ‘दायभाग’ या ग्रंथाने पिंडदानाचा अर्थ धरला. एका शब्दाच्या या भेदामुळे दोन प्रांतांत वारसा ठरविण्याच्या दोन निरनिराळ्या पद्धती शतकानुशतके चालल्या. ज्याला थोडक्यात लिहावयाचे आहे, त्याने आपले शब्द आधी पक्के केले पाहिजेत, हा येथील पहिला धडा.

दुसरा धडा सिकंदराबादचा. तेथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाच्या जठराच्या भित्तीत अपरिचित पेशी दिसल्या. आपल्या हाती काय लागले आहे, याची त्याला कल्पना होती. तरीही त्याच वर्षी डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्याच्या निबंधाचे शीर्षक पाहावे: हिवतापाचे रक्त पाजलेल्या दोन डासांत आढळलेल्या काही विलक्षण रंगकणयुक्त पेशींविषयी. डास किती, त्यांना काय पाजले, आढळले काय, हे सर्व त्यात आहे. हिवतापाचे कोडे सुटल्याची घोषणा मात्र नाही. पुढील वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून त्याने प्रसाराची साखळी पूर्ण केली आणि १९०२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ‘दोन’ हा लहानसा आकडा त्याने लपविला नाही, म्हणून त्याचे काही बिघडले नाही.

सारांश स्वतंत्रपणे छापण्याची प्रथा त्याआधीच रूढ होऊ लागली होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८०० ते १८३० या काळातील निबंधांचे सारांश १८३२ पासून प्रसिद्ध केले. पुढे निबंधाच्या शिरोभागी लेखकानेच सारांश देण्याची रीत पडली. १९८७ साली ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकाने उद्देश, पद्धती, निष्कर्ष अशा मथळ्यांखाली सारांश मांडण्याची पद्धत पुढे आणली. कारण उघड होते. पुष्कळ वाचक सारांशापलीकडे जात नाहीत. संपूर्ण निबंध हाती न आलेला दूरच्या गावचा डॉक्टर त्या दहा ओळींवर विसंबून औषध देऊ शकतो. त्या ओळींतील अतिशयोक्तीची किंमत लेखक देत नाही, रुग्ण देतो.

‘प्रस्तुत निबंधात अमुक विषयाची चर्चा केली आहे’, असे लिहिणे म्हणजे पाहुण्याला केवळ दाराची पाटी दाखवून परत पाठविणे होय. सारांशात प्रश्न हवा, रीत हवी, आकड्यांसह फलित हवे आणि त्याची मर्यादाही हवी. मोजके लिहावे हे कल्याणने शिकविले. दिसले तेवढेच सांगावे हे सिकंदराबादने. हुमनाबादच्या वाटसरूला हे दोन्ही धडे एकाच रस्त्यावर भेटतात.