विसार आणि नकार

वाचकहो, आपल्या सीमाभागात घर, शेत किंवा बैलजोडी ठरली की आधी विसार दिला जातो. रक्कम लहान असते, पण ती हातात पडली की शब्द बांधला जातो. मग दारात दुप्पट पैसे घेऊन दुसरा कोणी उभा राहिला तरी व्यवहार फिरवायचा नसतो. बाराव्या शतकात ही रीत एका स्त्रीने आपल्या धंद्याच्या भाषेत सांगून ठेवली. तिचे नाव सूळे संकव्वा. कन्नडमध्ये 'सूळे' म्हणजे वेश्या.

बसवेश्वरांचे कल्याण, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तिथल्या शरणांनी आपापल्या व्यवसायाचे शब्द वचनांत आणले. मडिवाळ माचय्या परीट होते, अंबिगर चौडय्या नावाडी. संकव्वाने देहविक्रयाचे शब्द आणले आणि आपल्या देवाला 'निर्लज्जेश्वर' म्हटले. तिचे एकच वचन आज उपलब्ध आहे. एकाचा विसार घेतल्यावर दुसऱ्याचा घ्यायचा नाही आणि व्रत न पाळणाऱ्याशी संग करायचा नाही, असा त्याचा आशय. शब्द मोडणारीला काय शिक्षा होते, तेही ती जाणून आहे. भक्त या वचनात एकनिष्ठ भक्ती वाचतात, आणि ते योग्यच आहे. पण रूपक उभे राहते ते खऱ्या व्यवहारावर. काय स्वीकारायचे आणि काय नाकारायचे, हे या व्यवसायातल्या स्त्रीने स्वतः ठरवलेले इथे दिसते. आज ज्याला आपण व्यावसायिक शिस्त आणि सुरक्षितता म्हणतो, तिची ही दोन टोके आहेत. पैकी पहिले सांभाळायला समाज नेहमीच तयार होता. दुसऱ्याची किंमत मात्र बाईने एकटीने मोजली. या लेखात त्या दुसऱ्या टोकाचा इतिहास पाहायचा आहे.

त्यासाठी थोडे मागे, कौटिल्यापर्यंत जावे लागेल. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सत्ताविसावा अध्याय गणिकाध्यक्ष या अधिकाऱ्याविषयी आहे. गणिकेला वर्षाला 1000 पण वेतन, सुटका करून घ्यायची तर 24,000 पण निष्क्रय, गायन, वादन, नृत्य शिकवणाऱ्यांचा खर्च राजाकडून, अशी तिथली चोख व्यवस्था. पैसे घेऊन नंतर टाळाटाळ करणाऱ्या गणिकेला दंड आहे. रात्रीच्या मुक्कामाचे पैसे घेऊन फसवले तर तो आठपट. पण पुरुष रोगी किंवा सदोष असेल तर तिला सूट आहे. तिची इच्छा नसताना तिला कोंडून ठेवणाऱ्याला किंवा जखमा करून विद्रूप करणाऱ्याला 1000 पण दंड आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात हे वाचताना आश्चर्य वाटते. मात्र त्याच अध्यायात पुढे असे आहे की, राजाने सांगितलेल्या पुरुषाकडे गणिका गेली नाही तर तिला 1000 फटके किंवा 5000 पण दंड. इतरांपासून तिचे रक्षण करणारा राजा तिचा नकार स्वतःपुरता मात्र मान्य करत नव्हता.

या नियमाचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्राला कान्होपात्रेने सांगितले. मंगळवेढे हे बिज्जळाच्या कलचुरी घराण्याचे जुने ठाणे. तिथूनच ते कल्याणच्या सत्तेपर्यंत पोचले. पंधराव्या शतकात याच मंगळवेढ्यात शामा नावाच्या गणिकेची ही मुलगी वाढली, असे परंपरा सांगते. आईने तिला नृत्य-गायन शिकवले, पण मुलीने अट घातली की आपल्या तोडीचा पुरुष असेल तरच त्याला वरायचे. तसा कोणी दिसेना. वारकऱ्यांसोबत ती पंढरपूरला गेली आणि तिथेच राहिली. तिच्या रूपाची वार्ता बेदरच्या पातशहापर्यंत पोचली, शिपाई आले आणि तिने विठ्ठलाच्या पायांशी प्राण सोडला. महिपतींनी 'भक्तविजया'त 1762 साली ही कथा सांगितली. 1931 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ती रंगभूमीवर आणली. कथेतला इतिहास किती आणि श्रद्धा किती, हे वेगळे करणे अवघड आहे. पण लोकांनी पिढ्यान्पिढ्या जे जपले ते स्पष्ट आहे. गणिकेच्या मुलीलाही 'नाही' म्हणता येते, आणि ते म्हणायला तिला देवळाखेरीज दुसरी जागा नव्हती. आपण बीदरकरांनी ही कथा ऐकताना एवढे ध्यानात ठेवावे, की तिच्यातला बोलावणारा आपल्या गावचा आहे.

पुढच्या काळात आपल्या भागात यल्लम्माला मुली सोडण्याची चाल राहिली. तिथे विसारही नव्हता आणि नकारही नव्हता, कारण सुरुवात मुलीने केलेलीच नसे. नवस घरच्यांचा असे आणि वय कोवळे. मुंबई इलाख्यात 1934 मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. बीदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो इथे लागू नव्हता. कर्नाटकाने देवदासी समर्पणाला बंदी घालणारा कायदा केला तो 1982 मध्ये. म्हणून या व्यवसायाच्या सुरक्षित सुरुवातीबद्दल बोलताना पहिली अट वयाची आणि स्वेच्छेची. ती पुरी होत नसेल तर पुढचे सगळे बोलणे फोल आहे.

सज्ञान स्त्रीने स्वतःच्या मर्जीने हा मार्ग धरला तर कायदा काय म्हणतो? 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात देहविक्रय हा स्वतःहून गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणे हे गुन्हे आहेत. हेतू शोषण थांबवण्याचा आहे. पण दोन स्त्रियांनी एकमेकींच्या आधारासाठी एकाच घरात धंदा केला तर ते घरही कुंटणखान्याच्या व्याख्येत बसते. एकटीने राहावे तर धोका, दुकटीने राहावे तर गुन्हा!

या कोंडीतून वाट काढली ती बायकांनीच. 1992 मध्ये सांगलीत 'संग्राम' संस्थेचे काम एड्सच्या साथीच्या काळात सुरू झाले. त्यातून 1996 मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली आणि तिचे काम सीमेपलीकडे निपाणीपर्यंत आले. निरोधाशिवाय नाही, हा नकार एकीने दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. सगळ्यांनी दिला तर त्याला ऐकावेच लागते. कोलकात्याच्या सोनागाचीत 'दरबार' संघटनेने स्वनियमन मंडळे नेमली. नव्याने येणारीला मंडळ भेटते, तिचे वय आणि मर्जी तपासते. अल्पवयीन किंवा जबरदस्तीने आणलेली असेल तर तिला धंद्यात येऊ देत नाही. संकव्वाने स्वतःपुरता घातलेला नियम इथे सर्वांचा झाला.

न्यायालय इथवर उशिरा पोचले. 1999 मध्ये कोलकात्यात या व्यवसायातल्या एका स्त्रीचा खून झाला. त्या खटल्यात आरोपीची शिक्षा कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हा प्रश्न स्वतःहून हाती घेतला. 19 मे 2022 च्या आदेशात त्याने सांगितले की, लैंगिक अत्याचार झालेल्या अशा स्त्रीला इतर कोणत्याही पीडितेप्रमाणे तातडीने वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे, पोलिसांनी तिच्याशी सन्मानाने वागले पाहिजे, आणि निरोधासारखी सुरक्षेची साधने गुन्ह्याचा पुरावा मानता कामा नयेत. पैसे घेणाऱ्या स्त्रीवरही बलात्कार होऊ शकतो, म्हणजेच विसार घेतल्याने नकाराचा हक्क संपत नाही, हे या आदेशात गृहीत आहे.

वाचकहो, मंगळवेढ्याहून पंढरपूर वीस-पंचवीस किलोमीटर. विठ्ठल मंदिराच्या दक्षिण दाराशी कान्होपात्रेचे म्हणून एक तरटीचे झाड दाखवतात. आपण वारीला जातो तेव्हा त्या झाडाला हात जोडतो. परत येताना बसस्थानकाबाहेर उभी असलेली बाई दिसली की मान वळवतो. तिला हात जोडायची गरज नाही. ती पोलीस चौकीत किंवा दवाखान्यात तक्रार घेऊन आली तर तिचे ऐकून घेतले जावे, एवढे आपल्या गावाने पाहिले तरी तिला देवळापर्यंत धावावे लागणार नाही.